टाळता येणारे अंधत्व आणि बाजाराचा हिशेब

अंधत्व हा दैवाचा घाला आहे, ही समजूत आपल्या समाजात फार खोल रुजलेली आहे. एखाद्याचे डोळे गेले की घरचे लोक ओसरीवर त्याची एक जागा ठरवून टाकतात, गाव चार दिवस हळहळते आणि मग सारे आपापल्या कामाला लागतात. या हळहळीत सहानुभूती असते. प्रश्न मात्र नसतो. हे डोळे जावयासच हवे होते काय, ते वाचविणे शक्य होते काय, आणि शक्य असेल तर ते कोणी वाचवावयास हवे होते, हे कोणी विचारीत नाही. मधुमेहामुळे येणाऱ्या अंधत्वाच्या बाबतीत हे प्रश्न विचारणे आता अगत्याचे झाले आहे. या अंधत्वाचा फार मोठा भाग टाळता येण्याजोगा आहे आणि तो टाळण्याचे मुख्य साधन मानवाच्या हाती येऊन अर्धशतक होत आले आहे. ज्ञान आहे, साधने आहेत आणि तरीही माणसे आंधळी होतात, तेव्हा तो केवळ वैद्यकशास्त्राचा प्रश्न राहत नाही. तो समाजरचनेचा आणि अर्थकारणाचा प्रश्न होतो.

मधुमेह हा मुंबई-पुण्याच्या सुखवस्तू लोकांचा आजार, असे मानण्याचे दिवस केव्हाच सरले. वसमतच्या मोंढ्यात हळदीची पोती पाठीवर वाहणारा हमाल, पूर्णा कारखान्याच्या परिसरातील ऊस तोडणारा मजूर, दुसऱ्याच्या रानात खुरपणीला जाणारी बाई, यांच्या तोंडी आज 'शुगर' हा शब्द सर्रास ऐकू येतो. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांनुसार देशात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे. शहरी भागांत प्रौढांमधील हे प्रमाण १६.४ टक्के, तर ग्रामीण भागांत ८.९ टक्के आहे. खेड्यांतील प्रमाण शहरांपेक्षा कमी आहे, हे खरे. परंतु शहरातील रोग्याच्या आसपास दहा दवाखाने असतात आणि खेड्यातील रोग्याला बहुधा आपला रोग ठाऊकच नसतो, हा फरक त्या आकड्यांत दिसत नाही.

डोळ्यापर्यंत रोग कसा पोहोचतो

डोळ्याच्या आतल्या बाजूस एक पातळ पडदा असतो. बाहेरच्या जगाचे चित्र या दृष्टिपटलावर उमटते आणि तेथून ते मेंदूकडे जाते. या पडद्याला रक्त पुरविणाऱ्या केशवाहिन्या अतिशय नाजूक असतात. रक्तातील साखर वर्षानुवर्षे वाढलेली राहिली म्हणजे या वाहिन्यांच्या भिंती दुबळ्या होतात. प्रथम त्यांवर सूक्ष्म फुगवटे येतात, मग त्यांतून रक्त आणि द्रव पाझरू लागतो. हा पाझर पडद्याच्या मध्यभागी झाला तर तेथे सूज येते आणि वाचणे, सुईत दोरा ओवणे, समोरच्या माणसाचा चेहरा ओळखणे अवघड होत जाते. पुढे काही वाहिन्या बंद पडतात आणि पडद्याच्या त्या भागाची उपासमार होते. उपाशी पडदा रक्तासाठी जणू हाका मारू लागतो आणि त्या हाकेला उत्तर म्हणून नव्या वाहिन्या फुटतात. पण या नव्या वाहिन्या कच्च्या असतात. त्या फुटून डोळ्याच्या पोकळीत रक्त साचते. त्यांच्याबरोबर वाढणारे तंतू आकसून पडदाच जागेवरून ओढून काढतात. या अवस्थेला पोहोचलेल्या डोळ्यास पूर्ववत दृष्टी देणे मोठमोठ्या तज्ज्ञांनाही बहुधा शक्य होत नाही. यांशिवाय मधुमेह्यांना मोतीबिंदू लवकर होतो आणि काचबिंदूचा धोकाही अधिक असतो, ते वेगळेच.

या साऱ्या प्रक्रियेतील सर्वांत घातक गोष्ट म्हणजे तिचे मौन. डोळा दुखत नाही, लाल होत नाही, त्यातून पाणी येत नाही. रोग पुष्कळ पुढे जाईपर्यंत रोग्याला उत्तम दिसत असते. आपल्याकडील कष्टकरी माणूस आजार अंगावर काढणारा. दुखले तरी तो दवाखान्यात जात नाही. मग न दुखणाऱ्या डोळ्यासाठी तो मजुरी बुडवून कोठे जाणार? नजर अंधुक झाली की तो बाजारच्या दिवशी चष्म्याच्या दुकानात जातो आणि नवा नंबर घेऊन येतो. साखर वरखाली झाली तरी नंबर बदलतो, त्यामुळे चष्म्याने चार महिने बरे वाटते आणि ते मोलाचे चार महिने वाया जातात. डोळ्यांपुढे काळे ठिपके किंवा जाळी तरंगू लागली, अथवा एका सकाळी एका डोळ्याने दिसेनासे झाले, की मग धावपळ सुरू होते. तोवर बहुधा फार उशीर झालेला असतो.

ज्ञान उपलब्ध होते

या रोगावर इलाज नाही, असे मुळीच नाही. पडद्यावर प्रकाशकिरणांचे सूक्ष्म चटके देऊन रोगाची वाढ रोखण्याची कल्पना जर्मनीतील डॉ. मायर-श्विकेराथ यांनी दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळात प्रत्यक्षात आणली. पुढे त्यातूनच लेसर उपचार विकसित झाले. १९७६ मध्ये अमेरिकेतील एका मोठ्या अभ्यासाने सिद्ध केले की, योग्य वेळी असे उपचार केल्यास गंभीर दृष्टिनाशाचा धोका निम्म्याहून कमी होतो. १९९३ मध्ये दुसऱ्या एका अभ्यासाने दाखविले की, इन्शुलिनवर अवलंबून असलेल्या मधुमेह्यांची साखर काटेकोरपणे ताब्यात ठेवल्यास पडद्याचा विकार जडण्याचा धोका ७६ टक्क्यांनी घटतो. १९९८ मध्ये ब्रिटनमधील दीर्घकाळ चाललेल्या अभ्यासाचे निष्कर्ष आले. प्रौढ वयातील मधुमेहातही साखरेवरील नियंत्रणाचा लाभ होतो, आणि त्याबरोबर रक्तदाब नीट आटोक्यात ठेवल्यास पडद्याचा विकार पुढे सरकण्याचे प्रमाण सुमारे एकतृतीयांशाने घटते, हे त्यातून स्पष्ट झाले. रक्तदाबाच्या गोळ्या ही औषधांच्या बाजारातील सर्वांत स्वस्त वस्तूंपैकी एक आहे, हे येथे लक्षात ठेवले पाहिजे.

तात्पर्य, दृष्टी वाचविण्याचा मार्ग तीन पायऱ्यांचा आहे. साखर आणि रक्तदाब यांची नियमित औषधे ही पहिली पायरी. डोळ्याला काहीही होत नसतानाही वर्षातून एकदा पडद्याची तपासणी ही दुसरी. आणि त्या तपासणीत धोका दिसला तर विनाविलंब लेसर अथवा इंजेक्शन ही तिसरी. या तिन्ही गोष्टी सलग आणि वर्षानुवर्षे घडाव्या लागतात. नेमके हेच आपल्याकडे घडत नाही.

हजारांतील चार

१९७६ मध्ये भारत सरकारने राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम सुरू केला. त्या कार्यक्रमाचे श्रेय नाकारण्याचे कारण नाही. गावोगावची शिबिरे, जिल्हा रुग्णालयांतील शस्त्रक्रिया, डॉ. तात्याराव लहाने यांच्यासारख्या मराठवाड्याच्याच मातीतून आलेल्या शल्यचिकित्सकांचे परिश्रम, यांमुळे लाखो लोकांना मोतीबिंदूनंतर पुन्हा दिसू लागले. परंतु हा कार्यक्रम मोतीबिंदूच्या मापाने बेतलेला होता. मोतीबिंदू एकदा काढला की काम संपते. त्याचे उद्दिष्ट ठरविता येते, शस्त्रक्रिया मोजता येतात, आणि पट्टी सोडताना पुढाऱ्यांचे छायाचित्रही काढता येते. मधुमेहाचा डोळा या मापात बसत नाही. त्याला एका दिवसाचे शिबिर उपयोगाचे नाही. त्याला रोगी आणि दवाखाना यांचा आयुष्यभराचा संबंध हवा. जे घडू दिले नाही त्याचा सत्कार करण्याची रीत आपल्याकडे नाही, आणि ते मोजण्याचा रकाना सरकारी तक्त्यात नाही.

केंद्र सरकारने २०१५ ते २०१९ या काळात मधुमेह आणि त्यामुळे होणारा डोळ्यांचा विकार यांची एक पाहणी केली. पन्नाशीपुढील लोकांत मधुमेहाचे प्रमाण ११.८ टक्के आढळले. त्या मधुमेह्यांपैकी १६.९ टक्क्यांच्या पडद्यावर विकार आढळला आणि ३.६ टक्क्यांचा विकार दृष्टी घालविण्याइतका गंभीर होता. तपासलेल्या मधुमेह्यांतील बहुसंख्यांच्या पडद्याची तपासणी त्यापूर्वी कधीच झालेली नव्हती. हे आकडे एखाद्या तालुक्याचे नव्हेत, सबंध देशाचे आहेत; तरी त्यांवरून एक साधे गणित मांडता येते. पन्नाशीपुढील १,००० माणसे घ्या. त्यांतील सुमारे ११८ जणांना मधुमेह आहे. त्यांतील सुमारे २० जणांचा पडदा बिघडू लागला आहे आणि चौघांची दृष्टी जाण्याच्या वाटेवर आहे. हे चौघे कोण, हे त्यांना स्वतःला ठाऊक नाही. शेजाऱ्याला नाही आणि डॉक्टरलाही नाही. ते शोधावयाचे तर ११८ जणांच्या डोळ्यांचा फोटो दर वर्षी काढावा लागेल.

बाजाराच्या हिशेबात हे काम बसत नाही, ते येथेच. ११८ पैकी ११४ जणांना 'यंदा धोका नाही, पुढच्या वर्षी या' एवढेच सांगावयाचे आहे. हे ऐकण्यासाठी कोण मजूर पैसे मोजील? आणि हे सांगण्यासाठी कोणता खाजगी दवाखाना यंत्र मांडून खेड्यात बसेल? खाजगी वैद्यक व्यवसायाला त्या चौघांत रस आहे, पण ते आपल्या पायांनी शहरात आल्यावर. म्हणजे पडदा सुटू लागल्यावर, शेत गहाण पडण्याइतका खर्च उभा राहिल्यावर. अर्थशास्त्राच्या प्राथमिक पुस्तकातही सांगितलेले असते की, ज्या वस्तूचा लाभ साऱ्या समाजाला होतो आणि जिची किंमत एकेकट्याकडून वसूल होत नाही, ती वस्तू बाजार पुरेशी निर्माण करीत नाही. ती सार्वजनिक सत्तेनेच निर्माण करावी लागते. वार्षिक नेत्रतपासणी ही अशा वस्तूचे चोख उदाहरण आहे.

यात आणखी एक छुपा खर्च आहे. पडद्याच्या पूर्ण तपासणीसाठी डोळ्यांत थेंब घालून बाहुली मोठी करावी लागते. त्यानंतर काही तास नीट दिसत नाही, ऊन सोसत नाही. त्यामुळे वसमतहून नांदेडला तपासणीला जावयाचे तर रोग्याबरोबर आणखी एक माणूस लागतो. मोफत तपासणीचीही किंमत अशा रीतीने दोन माणसांची दिवसाची मजुरी, दोघांचे एस.टी. भाडे आणि दोघांचे जेवण एवढी होते. घरातील कर्त्या पुरुषासाठी ही किंमत कशीबशी मोजली जाते. म्हातारीसाठी मोजली जात नाही. आजारातही घरातल्या पंक्तीचा क्रम पाळला जातो आणि बायकांचे पान शेवटी वाढले जाते.

'गोड खाल्ले म्हणून झाले'

मधुमेह्याला दोष देणे ही आपल्या सुशिक्षित वर्गाची आवडती करमणूक आहे. तोंडावर ताबा नाही, चालावयास नको, औषध वेळेवर घेत नाहीत, असे उपदेश सर्वत्र ऐकू येतात. दिवसभर पोती वाहणाऱ्या हमालाला रोज अर्धा तास चालण्याचा सल्ला देणाऱ्यांनी एकदा मोंढ्यात येऊन पाहावे.

माणूस काय खातो हे त्याच्या इच्छेइतकेच त्याच्या भोवतीचे अर्थकारण ठरवीत असते. आपला हा भाग ज्वारीचा. येलदरी आणि सिद्धेश्वर ही पूर्णा प्रकल्पाची धरणे झाली, कालव्यांचे पाणी आले आणि त्याबरोबर ऊस आला, कारखाना आला. पाण्याने समृद्धी आली हे कोणी नाकारणार नाही. परंतु उसाला कारखान्याचा आधार आणि ज्वारीला मात्र कोणाचाच भक्कम आधार नाही, अशी स्थिती झाली. रेशनच्या दुकानातून गरिबाला मिळते ते मुख्यतः गहू आणि तांदूळ. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यात भरड धान्यांचीही तरतूद आहे, २०२३ हे वर्ष तर भरड धान्यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून साजरे झाले. पण हमीभावाने ज्वारी खरेदी करून ती रेशनवर देण्याचे काम त्या उत्सवाच्या मानाने फारच थोडे झाले. ज्वारीची भाकरी खाल्ली म्हणजे मधुमेह होत नाही, असा याचा अर्थ नव्हे. डाळी, भाज्या, दूध, अंडी यांना पारखे झालेले आणि केवळ स्वस्त पिठावर व गोड चहावर चाललेले शरीर या रोगाला सोपे सावज असते, एवढाच त्याचा अर्थ.

याहून मूलगामी गोष्ट पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या संशोधनाने पुढे आणली. १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील माता आणि त्यांची मुले यांचा अभ्यास त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी केला. आपली नवजात बालके वजनाने लहान असतात. पण त्यांच्या शरीरात स्नायू कमी आणि चरबी मात्र टिकून राहिलेली असते, असे त्यांना आढळले. गर्भातील कुपोषण आणि पुढील आयुष्यातील मधुमेह यांचा संबंध जगातील इतर अभ्यासांतूनही दिसतो. १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यातील स्त्रिया पोटात मूल घेऊन रोजगार हमीच्या खडी केंद्रांवर दगड फोडीत होत्या. त्या वेळी जन्मलेली मुले आज पन्नाशी ओलांडून गेली आहेत. त्यांच्यातील मधुमेहाचा शोध स्वतंत्रपणे घेतला जाईल तेव्हा घेतला जाईल. परंतु ज्याच्या रोगाची मुळे आईच्या उपासमारीत असण्याचा संभव आहे, त्याला 'गोड खाल्ले म्हणून झाले' असे म्हणणे हा निव्वळ निर्दयपणा आहे.

एक डॉलर आणि दोन हजार डॉलर

मधुमेहाच्या इतिहासात दोन टोकांच्या दोन घटना आहेत. १९२१ मध्ये कॅनडातील टोरांटो येथे इन्शुलिनचा शोध लागला. बँटिंग, बेस्ट आणि कॉलिप या संशोधकांनी १९२३ मध्ये त्याचे पेटंट प्रत्येकी एका डॉलरला टोरांटो विद्यापीठाच्या स्वाधीन केले. मनुष्यजातीचे प्राण वाचविणाऱ्या वस्तूवर मालकी सांगावयाची नाही, ही त्यामागील भावना होती.

दुसरी घटना आपल्या काळातील. पडद्यावर फुटणाऱ्या कच्च्या वाहिन्यांना रोखणारी इंजेक्शने या शतकाच्या आरंभी आली. एकाच कंपनीच्या प्रयोगशाळेतून दोन औषधे निघाली. बेव्हासिझुमॅब हे कर्करोगासाठी, आणि त्याच जातकुळीतील रॅनिबिझुमॅब हे डोळ्यांसाठी. कर्करोगाच्या औषधाचा अगदी लहानसा अंश डोळ्यात दिला तरी काम भागते, असे डॉक्टरांच्या लक्षात आले. २०११ मध्ये अमेरिकेतील सरकारी खर्चाने झालेल्या तुलनेत, वार्धक्यात होणाऱ्या पडद्याच्या विकारावर दोन्ही औषधे सारखीच परिणामकारक ठरली. त्या वेळी तेथे एका मात्रेची किंमत एकीची सुमारे ५० डॉलर आणि दुसरीची सुमारे २,००० डॉलर होती. मधुमेहाच्या सुजेविषयी २०१५ मध्ये झालेल्या तुलनेत, दृष्टी फारशी कमी झालेली नसेल तर स्वस्त औषधही महागड्या औषधांच्या बरोबरीचे ठरले; दृष्टी अधिक गेलेली असेल तर मात्र अफ्लिबरसेप्ट हे तिसरे औषध पहिल्या वर्षात सरस आढळले. म्हणजे रोगी लवकर सापडला तर स्वस्तात भागते आणि उशिरा सापडला तर महागडे लागते, हा धडा येथेही आहेच.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ मध्ये बेव्हासिझुमॅबला डोळ्यांसाठी अत्यावश्यक औषधांच्या यादीत स्थान दिले. २०१४ मध्ये इटलीच्या स्पर्धा प्राधिकरणाने रोश आणि नोव्हार्टिस या दोन बलाढ्य कंपन्यांना मिळून १८ कोटी युरोंहून अधिक दंड ठोठावला. महागड्या औषधाकडे मागणी वळावी म्हणून स्वस्त औषधाविषयी भीती निर्माण करण्यात दोघींचे संगनमत होते, असा त्या प्राधिकरणाचा निष्कर्ष होता. इटलीच्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने २०१९ मध्ये तो निर्णय कायम ठेवला. आंधळा होऊ घातलेला माणूस ही या व्यवस्थेत कोणाची तरी बाजारपेठ असते, हे सांगण्यास यापरते दुसरे उदाहरण नको. स्वस्त औषधाच्या कुपीतून लहान मात्रा काढण्याचे काम मात्र पूर्ण निर्जंतुक रीतीने व्हावे लागते, अन्यथा डोळा गमावण्याची पाळी येते. ते काम कोपऱ्यावरच्या दुकानाचे नव्हे. उत्तम सरकारी औषधशाळेचे आहे. २०१५ मध्ये भारतीय कंपनीने रॅनिबिझुमॅबची समकक्ष आवृत्तीही बाजारात आणली. सरकारने राज्यभराची मागणी एकत्र करून घाऊक खरेदी केली, तर किंमत किती खाली आणता येईल हे कोणत्याही व्यापाऱ्याला सांगता येईल.

दुसरा मार्ग आहे

हे सारे स्वप्नरंजन आहे, असे ज्यांना वाटते त्यांनी इंग्लंडकडे पाहावे. १९४८ मध्ये अन्यूरिन बेव्हन या खाणकामगाराच्या मुलाने आरोग्यमंत्री या नात्याने तेथे राष्ट्रीय आरोग्य सेवा स्थापन केली. त्या सेवेने २००३ पासून मधुमेह्यांच्या डोळ्यांची तपासणी राष्ट्रीय पातळीवर हाती घेतली. बारा वर्षांवरील प्रत्येक मधुमेह्याला बोलावणे जाते, पडद्याचा फोटो मोफत निघतो, आणि फोटोत धोका दिसला तर पुढील उपचारही मोफत होतात. धोका कमी असलेल्यांना आता दोन वर्षांनी बोलावले जाते. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, इंग्लंड व वेल्समध्ये काम करण्याच्या वयातील लोकांच्या अंधत्वाच्या कारणांत किमान पाच दशकांत प्रथमच मधुमेहाचे पहिले स्थान गेले. तपासणीचा हा कार्यक्रम आणि मधुमेहावरील सुधारलेले उपचार ही त्याची संभाव्य कारणे म्हणून अभ्यासकांनी सांगितली. हा पराक्रम कोणा एका थोर शल्यचिकित्सकाचा नव्हे. नोंदवही ठेवणाऱ्या, पत्रे पाठविणाऱ्या आणि फोटो काढणाऱ्या सामान्य कर्मचाऱ्यांचा आहे.

आपल्याकडे अशा व्यवस्थेचा सांगाडा अस्तित्वात नाही असे नाही. तीस वर्षांवरील प्रत्येकाची मधुमेह व रक्तदाबासाठी तपासणी करण्याचा सरकारी कार्यक्रम आहे. आशा सेविका घरोघर जाऊन त्याचे अर्ज भरतात, तेही मानधनावर, कामगाराचा दर्जा न मिळविता. उपकेंद्रांचे रूपांतर आरोग्यवर्धिनी केंद्रांत झाले, त्यांची नावेही बदलून झाली. साखळी मात्र मध्येच तुटते. बोटातून रक्त काढून साखर सांगितली जाते. पण महिनोगणती अखंड गोळ्या मिळतील याची खात्री नाही, तीन महिन्यांची सरासरी साखर दाखविणारी तपासणी जवळ नाही, आणि डोळ्याचा पडदा पाहण्याची व्यवस्था तर गावापासून दूर. मोठ्या रुग्णालयांवरील भार किती असह्य झाला आहे, हे नांदेडच्या शासकीय रुग्णालयात २०२३ च्या ऑक्टोबरच्या आरंभी २४ तासांत २४ रुग्ण दगावले तेव्हा साऱ्या देशाने पाहिले. खालचा पाया कच्चा ठेवून वरचा मजला बळकट करता येत नाही.

सरकारचे उत्तर आहे विमा. महात्मा जोतिबा फुले यांच्या नावाच्या योजनेत कुटुंबाला पाच लाखांपर्यंतचे संरक्षण जाहीर झाले आहे. परंतु विमा मुख्यतः रुग्णालयात दाखल झाल्यावरच्या उपचारांचे पैसे देतो. रोजची गोळी, दर तीन महिन्यांची रक्ततपासणी, वर्षाचा फोटो यांची हमी त्यात नाही. डोळा बिघडेपर्यंत थांबावयाचे आणि बिघडल्यावर सार्वजनिक पैसा खाजगी रुग्णालयाच्या हवाली करावयाचा, असा हा उफराटा न्याय आहे.

काय मागावे

मागण्या मोघम असल्या की सरकारला त्या मान्य करणे सोपे जाते. म्हणून त्या नेमक्या मांडल्या पाहिजेत. प्रत्येक तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात पडद्याचा फोटो काढणारा कॅमेरा आणि तो चालविणारा कायम नोकरीतील नेत्रचिकित्सा अधिकारी असावा. असे हातात धरण्याजोगे कॅमेरे आता बंगळूरलाच तयार होतात, आणि पुष्कळदा बाहुली मोठी न करताही उपयोगी पडेल असा फोटो काढतात. हा कॅमेरा ठरलेल्या वारी प्राथमिक आरोग्य केंद्रांत आणि आठवडी बाजाराच्या गावी जावा. फोटो जिल्ह्याच्या तज्ज्ञाकडे पाठवून आठ दिवसांत उत्तर यावे. यंत्राकरवी फोटो वाचण्याचे तंत्रही आले आहे. मदुराईचे अरविंद नेत्र रुग्णालय व चेन्नईचे शंकर नेत्रालय यांच्याकडील छायाचित्रांच्या साहाय्याने एका अमेरिकन कंपनीने केलेले तसे काम २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याचा उपयोग अवश्य करावा. मात्र गरिबांच्या डोळ्यांची छायाचित्रे ही सार्वजनिक ठेव आहे, ती कोणाच्या नफ्याचा कच्चा माल होऊ नये.

हिंगोलीला २०२४ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय मंजूर होऊन सुरू झाले. तेथे लेसर, इंजेक्शने आणि पडद्याच्या शस्त्रक्रिया यांची पूर्ण सोय असलेला विभाग असावा, आणि त्यासाठी लागणारी पदे कंत्राटी नव्हेत तर कायम भरावीत. तालुक्यातील प्रत्येक मधुमेह्याची नोंदवही असावी. ऊसतोडीला सहा महिने परजिल्ह्यात जाणाऱ्या मजुराला त्या मुदतीच्या गोळ्या आणि नोंदीचे कार्ड बरोबर मिळावे, म्हणजे कारखान्याच्या गावीही त्याचे औषध तुटणार नाही.

पैसा कोठून आणावयाचा, हा प्रश्न नेहमीप्रमाणे विचारला जाईल. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने २०२५ पर्यंत राष्ट्रीय उत्पन्नाच्या २.५ टक्के सरकारी खर्च आरोग्यावर करण्याचे वचन दिले होते. २०२१-२२ च्या राष्ट्रीय आरोग्य लेख्यांत, म्हणजे महामारीच्या काळातही, हा खर्च १.८४ टक्केच होता आणि एकूण आरोग्यखर्चापैकी ३९.४ टक्के रक्कम लोक स्वतःच्या खिशातून भरीत होते. म्हणजे पैसा आजही खर्च होतच आहे. तो आजाऱ्याच्या घरातून निघतो, एवढेच. वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, हळद संशोधन केंद्रही उभे राहिले, त्याचा आनंदच आहे. पण ज्या मोंढ्यातून ही हळद देशभर जाते, त्या मोंढ्यातील हमालांच्या डोळ्यांसाठी बाजार शुल्काचा एक लहानसा अंश राखून ठेवणे अशक्य आहे काय? महाराष्ट्राने १९६९ मध्ये माथाडी कायदा करून हमालाच्या कल्याणाचा भार मालावर टाकण्याचे तत्त्व मान्य केले. डॉ. बाबा आढाव यांनी पुण्यात हमाल पंचायत उभी करून त्या तत्त्वाला संघटनेचे बळ दिले. तेच तत्त्व येथे लागू करावयाचे आहे.

सरकार जागे होईपर्यंत कोणी हातावर हात ठेवून बसावे, असे मात्र नाही. ज्याला मधुमेह आहे त्याने निदान झाल्याच्या वर्षापासूनच दर वर्षी पडद्याची तपासणी करून घ्यावी. उत्तम दिसत असले तरीही. लहानपणी इन्शुलिन लागलेल्यांची तपासणी पाच वर्षांनंतर सुरू करतात, आणि मधुमेही स्त्रीला दिवस राहिल्यास ती लगेच करावी लागते. साखरेइतकेच रक्तदाबाकडे लक्ष द्यावे आणि तंबाखू सोडावी. बरे वाटते म्हणून गोळ्या बंद करू नयेत. हळदीचा काढा, कारल्याचा रस किंवा कोणा बाबाचे चूर्ण यांच्या भरवशावर औषध सोडणाऱ्यांचे डोळे जाताना दिसतात. हळद आपल्या पोटापाण्याचे पीक आहे, ती मधुमेहावरील औषधाची जागा घेऊ शकत नाही. डोळ्यांपुढे अचानक काळे ठिपके, पडदा किंवा अंधारी आली तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ गाठावा. घरातील बाईची तपासणी शेवटी नव्हे, बरोबरीने व्हावी.

या सूचना एकेकट्याने पाळावयाच्या आहेत. पण त्या पाळता येतील अशी परिस्थिती एकेकट्याला निर्माण करता येत नाही. त्यासाठी हमाल-मापाडी, ऊसतोड कामगार, शेतमजूर आणि आशा सेविका यांच्या संघटनांनी हा प्रश्न मजुरीच्या प्रश्नाइतकाच आपला मानला पाहिजे, कारण दृष्टी हेच श्रमिकाचे भांडवल आहे. ग्रामसभेत ठराव करून एकच माहिती मागावी : आपल्या गावात मधुमेही किती, त्यांपैकी गेल्या वर्षभरात किती जणांचा पडदा तपासला गेला, आणि ज्यांना उपचार हवे होते त्यांपैकी किती जणांना ते मिळाले. या तीन आकड्यांचा फलक प्रत्येक आरोग्य केंद्राच्या दारावर लागावा. तो लावण्याचा पहिला आग्रह वसमत तालुक्याने धरावा.